वाटाण्याची मूळकूज : पेरणीपूर्वी जमिनीची परीक्षा करा

वाटाणा हे थोड्या दिवसांत रोख पैसा देणारे पीक आहे. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात ते खरिपात पावसाच्या पाण्यावर घेतात व सासवडच्या बाजारातून त्याच्या हिरव्या शेंगा दूरदूरच्या शहरांत जातात. इतरत्र बागायती जमिनीत रब्बी हंगामात त्याची लागवड होते. पेरणीसाठी हेक्टरी 75 ते 100 किलो बियाणे लागते व ते महाग असते. म्हणून या पिकात पेरणीच्या दिवशीच शेतकऱ्याचा बराच पैसा जमिनीत जातो. तो परत मिळणार की नाही, हे पुष्कळदा त्या जमिनीतच आधी ठरून गेलेले असते. त्याचे कारण मूळकूज हा रोग होय.

या रोगाचा फसवेपणा असा की, तो डोळ्यांना दिसतो तेव्हा त्यावर इलाज करण्याची वेळ निघून गेलेली असते. पीक हातभर वाढून फुलावर येऊ लागते आणि शेतात ठिकठिकाणी पिवळे पट्टे दिसू लागतात. खालची पाने प्रथम पिवळी पडतात, मग वाळतात; वाढ खुंटते; शेंगा धरल्याच तर पोचट राहतात. पिकाला पाणी कमी पडले असावे अशा समजुतीने शेतकरी आणखी एक पाळी देतो. कुजलेल्या मुळांना ते पाणी घेता येत नाही व साचलेल्या ओलीने रोग मात्र बळावतो. एवढ्याकरिता वाटाण्याच्या बाबतीत पेरणीनंतरच्या उपचारापेक्षा पेरणीपूर्वीची परीक्षा अधिक मोलाची आहे. ती परीक्षा कशी करावी व तिच्यावरून कोणता निर्णय घ्यावा, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

रोगाची ओळख

रोगट झाड ओढून उपटू नये. ओढल्याने कुजलेली मुळे जमिनीतच तुटून राहतात व हातात येते ते केवळ खोड. झाडाभोवतीची माती खुरप्याने सैल करून ढेकळासह झाड काढावे, पाण्याच्या बादलीत बुडवून माती हलकेच सुटू द्यावी आणि मग मुळे पाहावी. निरोगी वाटाण्याचे मूळ पांढरे, टणक व पुष्कळ तंतुमुळे असलेले असते.

मूळकूज एकाच बुरशीमुळे होते असे नाही. फ्युजेरियम सोलॅनी या बुरशीची लागण बहुधा दाणा जेथे रोपाला चिकटलेला असतो त्या भागापासून सुरू होते. तेथे तांबूस-तपकिरी रेघा उठतात व पुढे मूळ आणि खोडाचा जमिनीतील भाग काळा पडतो. मूळ उभे चिरले असता आत लालसर छटा दिसते. रायझोक्टोनिया या बुरशीमुळे जमिनीलगत खोडावर तांबूस, खोलगट चट्टे पडतात व कोवळी रोपे कोलमडतात. पिथियम ओल्या, निचरा नसलेल्या जमिनीत बियाणेच कुजविते. उगवण विरळ झाली की पुष्कळदा दोष बियाण्याला दिला जातो, पण करणी पिथियमची असते. चौथा रोगकारक ॲफॅनोमायसिस. याने मूळ मधाच्या रंगाचे व मऊ होते, आणि चिमटीत धरून ओढले तर वरची साल निघून आतील दोरा तेवढा शिल्लक राहतो. विस्कॉन्सिन या अमेरिकेतील संस्थानात डबाबंद वाटाण्याचा मोठा धंदा होता. त्या देशातील वाटाण्याच्या मूळकुजीस हा जीव कारण होतो, असे जोन्स व ड्रेक्स्लर या शास्त्रज्ञांनी 1925 साली दाखवून दिले. आपल्याकडे मात्र प्रथम फ्युजेरियम व रायझोक्टोनिया यांचाच संशय घ्यावा.

मर हा रोग याहून निराळा आहे. मर रोगात मूळ बाहेरून बरेचसे धड दिसते, परंतु खोड जमिनीलगत चिरले असता आतील नळ्या नारिंगी-तपकिरी झालेल्या आढळतात. मर रोगाला दाद न देणारे वाण पुष्कळ आहेत. मूळकुजीला पूर्णपणे दाद न देणारा असा वाण नसल्याने दोहोंतील फरक ओळखता येणे अगत्याचे आहे.

शत्रू जमिनीत कसा टिकतो

पीक निघाले म्हणजे रोग गेला, असे होत नाही. फ्युजेरियम जाड कवचाचे बीजाणू तयार करते व ते वाटाण्यावाचून कित्येक वर्षे निपचित पडून राहतात. रायझोक्टोनिया मोहरीहूनही बारीक अशा काळपट गाठींच्या रूपाने टिकते. ॲफॅनोमायसिसचे बीजाणू तर दहा वर्षे व त्याहूनही अधिक काळ जिवंत राहिल्याचे आढळले आहे.

या निद्रिस्त बीजाणूंना जागे करते ते आपण पेरलेले बियाणेच. दाणा ओल पिऊन फुगू लागला की त्यातून साखर व इतर पोषक द्रव्ये भोवतालच्या मातीत पाझरतात. त्या पाझराच्या योगाने दाण्याजवळील बीजाणू रुजतात व एकदोन दिवसांतच बुरशीचे तंतू रोपापर्यंत पोहोचतात. दाण्याची साल फुटलेली असेल तर पाझर अधिक होतो. फ्युजेरियमला 25 ते 30 अंश सेल्सिअस इतकी उबदार माती मानवते. यावरून फुटके बियाणे व ऊन उतरण्यापूर्वी केलेली रब्बीची घाईची पेरणी ही दोन्ही रोगाला आमंत्रण कशी ठरतात, हे लक्षात येईल.

जमिनीतील मित्र

येथवर वाचून कोणास वाटेल की, जमिनीतील सर्व सूक्ष्म जीव मारून टाकले म्हणजे प्रश्न सुटला. हा विचार घातक आहे. ज्या मातीत शत्रू राहतो त्याच मातीत पिकाचे रक्षकही राहतात.

हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1886 साली आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष जाहीर केले. त्यांनी निर्जंतुक वाळूत वाटाणा लावला. एका भागास शेतातील मातीचे पाणी दिले, दुसऱ्यास तेच पाणी उकळून दिले. पहिल्या रोपांच्या मुळांवर गाठी आल्या व ती हवेतील नत्रावर जोमाने वाढली; दुसरी नत्रावाचून खुरटली. उकळण्याने मरण पावणारे असे काहीतरी सजीव मातीत आहे, हे सिद्ध झाले. 1888 साली बायजेरिंक या डच शास्त्रज्ञाने गाठींतील तो जीवाणू वेगळा करून वाढविला. तोच आपला रायझोबियम.

दुसरा मित्र ट्रायकोडर्मा ही हिरवट रंगाची बुरशी. तिचे तंतू रायझोक्टोनियाच्या तंतूंभोवती वेढे घालून त्यांचा नाश करतात, हे वाइंडलिंग यांनी 1932 साली प्रसिद्ध केले. याशिवाय काही जीवाणू मुळांभोवती वस्ती करून शत्रूला लागणारे अन्न व लोह आधीच वापरून टाकतात. काही बुरशी मुळांशी सहवास करून त्यांना स्फुरद मिळवून देतात.

या सर्वांचे एकत्रित बळ केवढे असते, याचे उदाहरण फ्रान्समधील शातोरनार येथील जमिनीचे आहे. तेथे खरबुजाचा मर रोग पसरविणारी फ्युजेरियम बुरशी मातीत असूनही पिकाला फारसा रोग होत नसे. 1970 नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी ती माती वाफेने तापविली तेव्हा तिचा हा गुण नाहीसा झाला. तापविलेल्या मातीत मूळची थोडी माती मिसळताच तो पुन्हा आला. तेथील पीक व रोग वेगळे असले तरी बोध आपल्यालाही लागू पडतो : निरोगी जमिनीत शत्रू नसतो असे नाही, त्याला वरचढ होऊ न देणारे पुष्कळ जीव तेथे नांदत असतात.

कुंडीतील परीक्षा

वाटाण्याच्या पेरणीपूर्वी शेतातील माती आणून तीत रोपे वाढवावयाची व त्यांची मुळे पाहून शेत पेरण्याजोगे आहे की नाही हे ठरवावयाचे, ही पद्धत शेरवुड व हेगडॉर्न यांनी 1958 साली विस्कॉन्सिन येथून प्रसिद्ध केली. तेथे ती काचगृहात करीत. आपल्या गावात मातीच्या कुंड्यांवर ती पुढीलप्रमाणे करता येईल.

1. पेरणीच्या निदान सहा-सात आठवडे आधी माती गोळा करावी. शेतात नागमोडी चालत सुमारे वीस ठिकाणांहून, वरच्या वीतभर थरातील, प्रत्येकी एक-दोन मुठी माती घ्यावी. सखल जागा व पूर्वी पीक पिवळे पडलेल्या जागा वगळू नयेत. माती उन्हात वाळवू नये. ढेकळे फोडून ती सावलीत एकत्र कालवावी व तिचे दोन सारखे भाग करावे.

2. एक भाग तसाच ठेवावा. दुसरा भाग ओलसर करून कापडात सैल बांधावा व मोठ्या भांड्यात पाण्याच्या वर, तिवईवर ठेवून झाकण लावून तासभर वाफवावा. ही माती निवल्यावर आठवडाभर झाकून ठेवावी, मगच वापरावी.

3. प्रत्येक मातीच्या चार कुंड्या भराव्या. कुंडीस तळाला भोक असावे. प्रत्येकीत एकाच थैलीतील, औषध न लावलेले, अखंड साल असलेले पाच दाणे लावावे. म्हणजे प्रत्येक मातीत वीस दाणे होतील. कुंड्यांवर खुणा कराव्या, आणि वाफविलेल्या कुंड्यांत दुसऱ्या मातीचे शिंतोडे उडणार नाहीत अशा अंतरावर त्या ठेवाव्या.

4. सर्व कुंड्यांना सारखे पाणी द्यावे. माती सतत ओलसर राहिली पाहिजे. खत घालू नये.

5. चार-पाच आठवड्यांनी कुंड्या उपड्या करून मुळे धुवावी व पांढऱ्या ताटात ठेवून पाहावी. प्रत्येक रोपाला 0 ते 4 असा अंक द्यावा. मूळ स्वच्छ पांढरे असल्यास 0. किंचित तपकिरी डाग असल्यास 1. तपकिरी रंग पसरला आहे पण मूळ टणक आहे, तर 2. मूळ व खोडाचा बुडखा दोन्ही मऊ झाले असल्यास 3. रोप मेले असल्यास 4.

दोन्ही मातींची तुलना हा या परीक्षेचा गाभा आहे. वाफविलेल्या मातीतही दाणे उगवले नाहीत तर दोष बियाण्याचा समजावा. वाफविलेल्या मातीत मुळे पांढरी व शेतातील मातीत ती तपकिरी आढळली तर दोष जमिनीतील रोगाचा आहे.

याच ताटात आणखी एक गोष्ट दिसते. वाफविलेल्या मातीतील मुळे पांढरी असली तरी त्यांवर गाठी बहुधा नसतात किंवा अगदी थोड्या असतात. वाफेने शत्रू मेला तसा मित्रही मेला! गावकऱ्यांना जमिनीतील जीवांचे महत्त्व पटविण्यास याहून सोपे प्रात्यक्षिक नाही. गाठी पाहताना त्या सूत्रकृमीच्या तर नाहीत ना, याची खात्री करावी. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूस चिकटलेली असून नखाने सहज सुटते व कापली असता आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते. ती वेगळी होत नाही.

परीक्षा संपल्यावर कुंडीतील माती दुसऱ्या शेतात टाकू नये. जेथून आणली तेथेच न्यावी.

निर्णय कसा घ्यावा

शेताच्या मातीतील बहुतेक रोपे 0 व 1 या अंकांची असतील तर नेहमीची काळजी घेऊन वाटाणा पेरण्यास हरकत नाही. पुष्कळ रोपे 2 या अंकाची असतील तर ते शेत संशयित समजावे. दुसरे शेत उपलब्ध असल्यास वाटाणा तिकडे न्यावा, नसल्यास थोडेच क्षेत्र पेरावे. 3 व 4 अंकांची रोपे बरीच निघाली तर त्या शेतात त्या वर्षी वाटाणा पेरू नये. हा सल्ला कटू वाटेल. परंतु बियाण्याची किंमत, मशागत व हंगाम हे तिन्ही गमावण्यापेक्षा ज्वारी, बाजरी, गहू अथवा मका घेणे केव्हाही शहाणपणाचे आहे. हवामानाप्रमाणे रोग कमीअधिक होतो, हेही ध्यानात असू द्यावे. पाऊस लांबून पाणी साचले तर संशयित शेत रोगट ठरते. निचरा उत्तम असेल तर तेच शेत तरूनही जाते.

जमिनीचे बळ वाढविण्याचे उपाय

फेरपालट : चांगले बेवड हा पहिला उपाय. रोगट शेतात निदान चार-पाच वर्षे वाटाणा घेऊ नये. मधल्या काळात मसूर, घेवडा, हरभरा अथवा लसूणघास घेतल्यास खरी फेरपालट झाली असे मानू नये, कारण यांपैकी काही पिकांवर हेच रोगकारक पोसतात. तृणधान्ये घ्यावी. मोहरी, कोबी यांच्या वर्गातील पिकांचे अवशेष जमिनीत गाडल्याने ॲफॅनोमायसिसची मूळकूज कमी होते, असे पापाविझास यांनी 1966 साली दाखविले. रायझोक्टोनिया मात्र अनेक पिकांवर जगते. तिच्यासाठी केवळ फेरपालट पुरत नाही.

निचरा व मशागत : उताराच्या खालच्या अंगाला चर काढावा व वाटाणा सरी-वरंब्यावर अथवा गादीवाफ्यावर घ्यावा. नांगराच्या तळाशी घट्ट थर बनला असेल तर तो उन्हाळ्यात खोल नांगरटीने फोडावा. मुळे खोल गेली म्हणजे वरच्या थरात थोडी कूज झाली तरी झाड तग धरते. वाफसा नसताना शेतात औत अगर ट्रॅक्टर घालू नये.

पेरणीची वेळ व बियाणे : रब्बीत ऊन उतरल्यावरच पेरावे. बियाणे निवडून फुटके, सुरकुतलेले दाणे काढून टाकावे.

खत : शेणखत अथवा कंपोस्ट पूर्ण कुजलेले असावे. अर्धवट कुजलेल्या खतावर रायझोक्टोनिया व पिथियम यांची वाढ होते. ट्रायकोडर्मा मुरविलेले खत करण्यासाठी हेक्टरी अडीच किलो ट्रायकोडर्मा भुकटी शंभर किलो चाळलेल्या, ओलसर शेणखतात कालवावी, ढीग सावलीत पोत्यांनी झाकावा व मधून खालीवर करीत दहा-पंधरा दिवस ठेवावा. पेरणीच्या वेळी ते ओल असलेल्या जमिनीत सरीतून द्यावे. कोरड्या व सेंद्रिय पदार्थ नसलेल्या जमिनीत ट्रायकोडर्मा टिकत नाही.

बीजप्रक्रिया : दर किलो बियाण्यास 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. त्यानंतर दर 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम रायझोबियम, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून लावावे, बियाणे सावलीत सुकवावे व त्याच दिवशी पेरावे. रायझोबियमचे पाकीट वाटाणा गटाचेच घ्यावे; हरभऱ्याचे अथवा तुरीचे जीवाणू वाटाण्यावर काम करीत नाहीत. पाकिटावरील मुदत पाहावी व पाकीट उन्हात ठेवू नये, कारण त्यात सजीव वस्तू आहे. रासायनिक बुरशीनाशक वापरावयाचेच असेल तर ते काही दिवस आधी लावावे, रायझोबियम पेरणीच्या दिवशी जास्त प्रमाणात लावावे आणि त्या बियाण्यास ट्रायकोडर्मा लावू नये. रसायन व ट्रायकोडर्मा एकत्र करणे म्हणजे मित्राला बोलावून दाराशीच मारणे होय.

स्वच्छता : रोगट शेतातील औजारे धुऊन मगच दुसऱ्या शेतात न्यावी. रोगट शेताचे वाहते पाणी खालच्या शेतात जाऊ देऊ नये. बांध फुटला असेल तर वेळीच घालावा.

पीक उभे असताना रोग दिसला तर पाणी आवरते घ्यावे, साचलेले पाणी काढावे, उभ्या झाडांना मातीची भर द्यावी म्हणजे बुडख्यावर नवी मुळे फुटण्यास मदत होते. रोगट पट्ट्यांच्या जागा कागदावर मांडून ठेवाव्या. पुढील वर्षी माती घेताना त्या उपयोगी पडतील. याहून अधिक खर्च त्या पिकावर करण्यात सहसा अर्थ नसतो.

ग्रामकार्यकर्त्यांस विनंती

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागात वाटाणा घेणाऱ्या चार-पाच शेतकऱ्यांची शेते निवडून ही कुंडीपरीक्षा चावडीजवळ अथवा शाळेच्या आवारात करावी. कुंड्या उपड्या करण्याच्या दिवशी गावकऱ्यांना बोलवावे व मुळे त्यांच्याच हातांनी धुववून घ्यावी. प्रत्येक शेताचे अंक, मागील तीन वर्षांची पिके व निचऱ्याची स्थिती यांची एका वहीत नोंद करावी. दोन-तीन हंगामांत गावातील कोणती जमीन वाटाण्यास योग्य व कोणती नाही, याचा भरवशाचा नकाशा तयार होईल. सल्ला देताना ‘हे शेत वाटाण्याला नको’ असे स्पष्ट सांगण्यास कचरू नये. मात्र त्याच वेळी तेथे कोणते पीक घ्यावे हेही सांगावे.

जमिनीची ताकद म्हणजे केवळ नत्र, स्फुरद व पालाश नव्हे. डोळ्यांना न दिसणारे अगणित जीव तीत राबत असतात व पिकाचे पुष्कळसे भवितव्य त्यांच्या हाती असते. त्यांना सेंद्रिय खत, हवा व मोजके पाणी देणे हे आपल्या हातात आहे. आठ कुंड्या, दोन मुठी दाणे व पाच आठवड्यांचा धीर, एवढ्या भांडवलावर शेतकऱ्याला आपल्या जमिनीची खरी स्थिती पेरणीपूर्वी कळू शकते. येत्या हंगामात प्रत्येक वाटाणा उत्पादकाने ही परीक्षा करून पाहावी आणि मगच पाभर हाती धरावी.